मोटारगाडीच्या निष्कास प्रणालीची देखभाल व दुरुस्ती

मोटारगाडीची निष्कास प्रणाली म्हणजे एंजिनात इंधन जळून निर्माण झालेले तप्त वायू एकत्र करणारी, त्यांचा आवाज व त्यांतील घातक घटक कमी करणारी आणि ते गाडीच्या मागील बाजूने बाहेर सोडणारी नळ्यांची व उपकरणांची सलग जोडणी होय. बोलीभाषेत या संपूर्ण जोडणीला सरसकट ‘सायलेन्सर’ म्हटले जाते. प्रत्यक्षात सायलेन्सर हा तिचा केवळ एक भाग आहे. प्रणालीतील बिघाड बहुधा वाढलेल्या आवाजावरून लक्षात येतो. त्यामुळे तो आवाजापुरताच आहे असे समजून दुरुस्ती लांबणीवर टाकली जाते. ही समजूत धोक्याची आहे. फुटलेल्या नळीतून गळणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरून प्राणघातक ठरू शकतो. तसेच बिघाड दिसतो एका ठिकाणी आणि त्याचे मूळ असते एंजिनात, असेही अनेकदा घडते. कारण न शोधता केवळ सुटा भाग बदलल्यास तो नवा भागही थोड्याच काळात निकामी होतो.

रचना

एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारे वायू प्रथम मॅनिफोल्ड या अनेकमुखी नळीत एकत्र येतात. ही नळी ओतीव लोखंडाची किंवा अगंज पोलादाची असून एंजिनाच्या शीर्षाला स्टड व नटांनी जखडलेली असते. दोहोंच्या मध्ये उष्णता सहन करणारे गॅसकेट असते; कारागीर त्याला ‘पॅकिंग’ म्हणतात. पेट्रोल एंजिनावर भार असताना येथील वायूंचे तापमान ८००° से.च्या वर जाते. पुढे ऑक्सिजन संवेदक, उत्प्रेरकी परिवर्तक, जाळीदार लवचीक नळी, रेझोनेटर, सायलेन्सर आणि शेवटची नळी असा क्रम साधारणतः आढळतो. आडव्या बसवलेल्या एंजिनाला वेग देताना व कमी करताना पुढेमागे हिसका बसतो. तो पुढील नळ्यांपर्यंत पोहोचू नये यासाठी लवचीक नळी योजलेली असते. संपूर्ण जोडणी गाडीच्या तळाला रबरी टांगण्यांनी लटकवलेली असते.

सायलेन्सरच्या आत छिद्रे असलेल्या नळ्या आणि पडदे घालून केलेले कप्पे असतात. ध्वनिलहरी या कप्प्यांत परावर्तित होऊन एकमेकींना बऱ्याच अंशी रद्द करतात. काही प्रकारांत काचतंतूंचे अस्तर आवाज शोषून घेते. अशा सायलेन्सरचे एक आरंभीचे एकस्व मिल्टन व मार्शल रीव्ह्ज या अमेरिकी बंधूंना १८९७ मध्ये मिळाले. उत्प्रेरकी परिवर्तक अमेरिकेतील मोटारींवर १९७५ पासून मोठ्या प्रमाणावर बसवला जाऊ लागला, तर ऑक्सिजन संवेदक बॉश कंपनीने १९७६ मध्ये व्होल्व्होच्या मोटारींसाठी प्रथम पुरवला. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला व त्यासोबतच तेथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले.

गंज व झीज

निष्कास प्रणाली बाहेरून जितकी गंजते, तितकीच किंबहुना अधिक ती आतून गंजते. याचे कारण रासायनिक आहे. पेट्रोलमधील हायड्रोजनाचा हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन पाणी बनते. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात निष्कास नळीतून जाते. प्रणाली पूर्ण तापलेली असेल तर ही वाफ तशीच बाहेर पडते. थंड प्रणालीत मात्र ती नळीच्या भिंतींवर गोठून द्रवरूप होते आणि सर्वांत मागे असलेल्या सायलेन्सरच्या तळाशी साचते. या पाण्यात ज्वलनातून आलेली गंधकाची व नायट्रोजनाची ऑक्साइडे विरघळून सौम्य आम्ल तयार होते व ते पोलाद आतून खात राहते.

यामुळे रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन उभी राहणारी गाडी महामार्गावर लांब अंतर चालणाऱ्या गाडीच्या तुलनेत सायलेन्सर लवकर गमावते. कमी चाललेली म्हणून चांगली समजली जाणारी जुनी गाडी विकत घेताना हा भाग आवर्जून पाहिला पाहिजे. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत हा प्रश्न आणखी तीव्र असतो. मिथेनच्या रेणूत कार्बनाच्या मानाने हायड्रोजन अधिक असल्याने एक किलोग्रॅम मिथेन जळाल्यावर सुमारे सव्वादोन किलोग्रॅम पाणी तयार होते. पेट्रोलच्या बाबतीत हा आकडा सुमारे १.४ किलोग्रॅम आहे.

साचलेले पाणी निघून जावे म्हणून अनेक उत्पादक सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या भागात मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवतात. त्यातून पाणी ठिबकताना किंवा थोडी वाफ येताना दिसल्यास ती गळती समजून छिद्र बुजवले जाते. असे केल्याने सायलेन्सरचे आयुष्य उलट घटते. छिद्राच्या कडा स्वच्छ व गोल असतील तर ते मूळचे आहे, आणि कडा खरबरीत, पातळ व भुसभुशीत असतील तर तो गंज आहे, असे ओळखता येते.

बाहेरून होणाऱ्या गंजाला खारी हवा, चिखल व पावसाळ्यात रस्त्यावर साचलेले पाणी कारणीभूत होते. कोकण, मुंबई व गोवा या किनारी प्रदेशांत साध्या पोलादाच्या नळ्या देशावरील गाड्यांपेक्षा लवकर जीर्ण होतात. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले पोलाद व अगंज पोलाद यांना तुलनेने जास्त आयुष्य लाभते. तथापि या कामासाठी वापरले जाणारे स्वस्त अगंज पोलादही पृष्ठभागावर तांबूस होते. असा केवळ वरवरचा तांबूसपणा बिघाडाचे लक्षण नव्हे. याखेरीज गतिरोधकांवर घासणे, तापलेल्या मॅनिफोल्डवर थंड पाणी पडून तडा जाणे आणि रबरी टांगणी तुटल्यामुळे नळीवर अवाजवी भार येणे ही नुकसानाची नेहमीची कारणे आहेत.

लक्षणे व तपासणी

गळतीचे स्थान आवाजाच्या प्रकारावरून बऱ्याच अंशी कळते. मागील सायलेन्सर फुटल्यास घरघरणारा खर्जातील आवाज येतो. मॅनिफोल्डच्या गॅसकेटमधून गळती होत असल्यास सकाळी थंड एंजिन सुरू करताच वेगाबरोबर वाढणारी टकटक ऐकू येते आणि काही मिनिटांत ती मंदावते, कारण तापलेला धातू प्रसरण पावून फट तात्पुरती मिटते. त्यामुळे गाडी चालवत कार्यशाळेत नेल्यावर ‘आवाज येतच नाही’ असा अनुभव वारंवार येतो. या तपासणीसाठी गाडी रात्रभर कार्यशाळेत ठेवून सकाळी एंजिन सुरू करणे सोयीचे ठरते. टकटक झडपांचीही असू शकते. मात्र वायूची गळती असल्यास त्या जागी काजळीचा काळा किंवा करडा ओघळ दिसतो.

खडखड येत असल्यास प्रथम उष्णतारोधक पत्रे पाहावेत. त्यांचे स्क्रू गंजून सुटले की ठरावीक वेगाला पत्रा थरथरतो. हा दोष किरकोळ असून मोठ्या क्लॅम्पने तो पत्रा पुन्हा आवळता येतो, पण पत्रा काढून टाकू नये. त्याच्यामुळेच इंधननळ्या व गाडीचा तळ उष्णतेपासून सुरक्षित राहतो. थंड परिवर्तकावर रबरी हातोडीने हलके ठोकले असता आत काहीतरी खुळखुळत असेल तर त्यातील चिनीमातीचा ठोकळा फुटला आहे असे समजावे.

साधी तपासणी अशी करतात. गाडी सपाट जागेवर उभी करून, चाकांना अडसर लावून व जॅकखेरीज स्वतंत्र स्टँडचा आधार देऊन ती उचलली जाते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हा या कामातील सर्वांत मोठा धोका आहे. प्रणाली पूर्ण थंड असताना नळ्यांच्या वरच्या बाजूला, जोडांपाशी व सायलेन्सरच्या शिवणींवर हात फिरवून आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहतात. धड पोलाद टणक लागते, तर गंजलेल्या भागात टोक रुतते. नंतर एंजिन सुरू करून मदतनीस जाड ओल्या फडक्याने शेवटच्या नळीचे तोंड क्षणभर दाबून धरतो. प्रणाली धड असल्यास दाब वाढून एंजिन अडखळू लागते. गळती असल्यास त्या जागी फुसफुस ऐकू येते. बारीक गळती शोधण्यासाठी बंद व थंड प्रणालीत मागून हवा फुंकून जोडांवर साबणाचे पाणी लावतात. ही सर्व तपासणी मोकळ्या हवेत करणे अत्यावश्यक असते.

धुराचा रंग प्रणालीविषयी नव्हे, तर एंजिनाविषयी माहिती देतो. निळसर धूर म्हणजे जळणारे वंगण तेल, काळा म्हणजे जादा इंधन, आणि एंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणारे शीतक द्रव होय. थंडीतील सकाळी दिसून लगेच विरणारी पांढरी वाफ स्वाभाविक असते.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका

अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग, वास वा चव नसते. रक्तातील हीमोग्लोबिनशी त्याचे बंधन ऑक्सिजनापेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट असते, त्यामुळे हवेतील अल्प प्रमाणही शरीराचा ऑक्सिजन पुरवठा तोडण्यास पुरेसे ठरते. डोके दुखणे, मळमळ, चक्कर व सुस्ती ही आरंभीची लक्षणे प्रवासाचा शीण किंवा गाडी लागणे म्हणून दुर्लक्षिली जातात. लांबच्या प्रवासात गाडीतील एकाहून अधिक जणांना एकाच वेळी असा त्रास होऊ लागल्यास गाडी थांबवून सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत जावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

गाडी चालू असताना तिच्या मागे कमी दाबाचा प्रदेश निर्माण होतो. मागील झाकण अर्धवट उघडे ठेवल्यास निष्कास वायू त्यातून आत ओढले जातात. तळाच्या पत्र्याला गंजून पडलेली भोके, निघालेली रबरी बुचे आणि झिजलेली झाकणाची रबरी पट्टी यांतूनही तसेच होते. म्हणून निष्कास नळीची दुरुस्ती करताना तिच्या वरचा तळही तपासला पाहिजे. उभ्या गाडीत काचा बंद करून, वातानुकूलनासाठी एंजिन चालू ठेवून झोपणे धोकादायक आहे. बंद गॅरेजमध्ये किंवा पाण्यात अथवा चिखलात नळीचे तोंड अडलेले असताना हा धोका अनेकपट वाढतो. परिवर्तक असलेली गाडीही याला अपवाद नाही, कारण थंड परिवर्तक जवळजवळ काहीच काम करत नाही.

दुरुस्ती

दुरुस्तीतील खरी अडचण नवा भाग बसवण्यात नसून जुना भाग काढण्यात असते. शेकडो वेळा तापून थंड झालेले नट स्टडशी एकजीव झालेले असतात आणि जोर लावताच स्टड मुळाशी तुटतो. एंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या शीर्षात तुटलेला स्टड काढण्याचे काम मूळ कामाच्या कित्येक पट वेळ घेते. यासाठी आदल्या रात्री भेदक तेल सोडून ठेवणे, नट घट्ट व सैल अशा दोन्ही दिशांना थोडाथोडा हलवणे आणि गरज पडल्यास नट तापवणे हे उपाय केले जातात. तेल सोडलेल्या जोडाजवळ ज्योत नेण्यापूर्वी ते पुसून घ्यावे लागते. नवे नट शक्यतो तांब्याचा मुलामा दिलेले वापरून आट्यांना उच्च तापमानाचे वंगण लावल्यास पुढील वेळी ही अडचण येत नाही. एकदा काढलेले गॅसकेट पुन्हा वापरले जात नाही. नवे बसवण्याआधी मॅनिफोल्डचे तोंड सरळपट्टीने तपासतात. ते वाकले असल्यास यंत्रावर सपाट करावे लागते, अन्यथा काही आठवड्यांत गळती पुन्हा सुरू होते.

नळीला पडलेले लहान भोक उष्णतेने घट्ट होणाऱ्या लेपाने किंवा वरून पत्रा गुंडाळून क्लॅम्प आवळून बुजवता येते. हा उपाय कार्यशाळेपर्यंत पोहोचण्यापुरता आहे. वेल्डिंगने केलेली दुरुस्ती टिकाऊ असते, पण तिच्यासाठी भोकाभोवतीचा धातू धड असावा लागतो. गंजून कागदासारखा झालेला पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने वितळतो आणि भोक मोठे होत जाते. अशा वेळी नळीचा खराब तुकडा कापून त्याच व्यासाचा नवा तुकडा जोडणे योग्य. लवचीक नळीचे जाळे फाटल्यास तीही कापून नवी वेल्ड करतात, मात्र तत्पूर्वी एंजिनाची रबरी बैठक तपासावी लागते. ती बैठक खचलेली असेल तर एंजिन प्रमाणाबाहेर हलते आणि नवी लवचीक नळी पुन्हा फाटते.

गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवतात व वेल्डिंगची भू-जोडणी कामाच्या अगदी जवळ लावतात, जेणेकरून विद्युतप्रवाह एंजिनाच्या नियंत्रक संगणकातून जाणार नाही. इंधनटाकी व नळ्या जवळ असल्यास संपूर्ण निष्कास नळी गाडीखालून काढूनच काम करणे श्रेयस्कर असते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप यासाठी वापरू नये. वेल्डिंगच्या वेळी त्यातून निघणाऱ्या जस्ताच्या धुराने कारागिराला ताप व थंडी भरते.

तुटलेल्या रबरी टांगणीऐवजी तारेने सायलेन्सर बांधण्याची पद्धत सर्रास दिसते. रबर कंपने शोषून घेते, तार ती तशीच गाडीच्या तळाला देते. त्यामुळे आत गुंजारव वाढतो आणि तडा मात्र पुढच्या जोडाला जातो. नवे रबर स्वस्त असते व बहुतेक गाड्यांत साबणाचे पाणी लावून हातानेही बसवता येते.

उत्प्रेरकी परिवर्तक व ऑक्सिजन संवेदक

परिवर्तकाच्या पोलादी कवचात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सच्छिद्र चिनीमाती असते व तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अत्यंत पातळ थर असतो. सुमारे २५०° ते ३००° से. तापमानानंतर तो कार्यरत होतो. पेट्रोल मोटारीतील त्रिमार्गी परिवर्तक कार्बन मोनॉक्साइड, न जळालेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे या तिन्हींवर काम करतो, परंतु हवा व इंधन यांचे प्रमाण अचूक असेल तरच. ते राखण्यासाठी परिवर्तकापूर्वीचा संवेदक वायूंतील ऑक्सिजन मोजत असतो. परिवर्तकानंतरचा संवेदक परिवर्तकाच्या कामावर नजर ठेवतो.

परिवर्तक स्वतःहून क्वचितच बिघडतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसेल तर तेथील पेट्रोल न जळता परिवर्तकात येऊन जळते आणि चिनीमातीचा ठोकळा वितळण्याइतका तापू शकतो. काही शे रुपयांचा स्पार्क प्लग वेळेवर न बदलल्याने हजारो रुपयांचा परिवर्तक जातो, तो असा. डॅशबोर्डवरील एंजिनाचा दिवा लुकलुकत असल्यास ठिणगी चुकत असल्याचा तो इशारा असतो व गाडी तशीच चालवू नये. जळणाऱ्या वंगण तेलातील फॉस्फरस, गळणारे शीतक आणि सिलिकोनयुक्त लांबी यांमुळे उत्प्रेरक किंवा संवेदक निकामी होतो. बॅटरी उतरलेली गाडी बराच वेळ ढकलून सुरू करण्याचा प्रयत्नही याच कारणास्तव टाळावा.

बंद पडलेला परिवर्तक दोन प्रकारचा असतो. पहिल्यात तो तुंबतो. गाडीचा वेग वाढत नाही आणि चढावर ती दमते. संवेदकाच्या जागी दाबमापक बसवून हे पडताळतात. निष्क्रिय गतीला सुमारे ०.१ बारपेक्षा आणि मिनिटाला २,५०० फेऱ्यांना सुमारे ०.२ बारपेक्षा अधिक दाब आढळल्यास मार्ग अडलेला आहे असे समजतात. दुसऱ्यात वायू सुरळीत जातात पण शुद्ध होत नाहीत, आणि संगणक पी०४२० हा दोषांक नोंदवतो. हा दोषांक दिसताच परिवर्तक बदलण्याची घाई केली जाते. वास्तविक निष्कास वायू ठोक्याठोक्याने वाहतात व दोन ठोक्यांमधील कमी दाबामुळे जोडातील फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. अशी हवा मागील संवेदकाजवळ शिरली तर सुस्थितीतील परिवर्तकावरही खोटा ठपका येऊ शकतो. ती पुढील संवेदकाआधी शिरली तर संगणक मिश्रणात इंधन कमी आहे असे समजून जादा पेट्रोल सोडतो. गाडीचा इंधनखर्च वाढतो आणि परिवर्तक खरोखरच खराब होऊ लागतो. म्हणून गळती, ठिणगी व संवेदक यांची तपासणी आधी आणि परिवर्तकाचा निर्णय शेवटी, हा क्रम महत्त्वाचा आहे.

तुंबलेला परिवर्तक सळईने फोडून पोकळ करण्याचा मार्ग काही ठिकाणी सुचवला जातो. त्यामुळे गाडी बेकायदेशीर ठरते, दोषांक कायम राहतो व फोडताना उडणारी धूळ फुप्फुसांना अपायकारक असते.

डिझेल मोटारी

भारत स्टेज-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतर डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी सर्वत्र आली. साचलेली काजळी जाळण्यासाठी संगणक वेळोवेळी जादा इंधन सोडून गाळणीचे तापमान सुमारे ६००° से.पर्यंत नेतो. ही क्रिया पूर्ण होण्यास सलग वेगाने चालणे लागते. गर्दीतील थांबत-थांबत प्रवासात ती अपुरी राहून गाळणी भरते. इशारादर्शक दिवा लागल्यास पुस्तिकेत सांगितलेल्या वेगाने काही काळ महामार्गावर गाडी चालवणे हाच पहिला उपाय असतो. दिव्याकडे दुर्लक्ष केल्यास कार्यशाळेत यंत्र जोडून ही क्रिया करावी लागते. काजळी जळते, पण वंगण तेलातील राख जळत नाही. म्हणून अशा गाड्यांत कमी राखेचे, उत्पादकाने नेमून दिलेले तेलच वापरावे लागते. काही गाड्यांत नायट्रोजनाच्या ऑक्साइडांसाठी ३२.५ टक्के युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते इंधनटाकीत गेल्यास एंजिन सुरू न करता टाकी रिकामी करून घ्यावी.

पावसाळा व उन्हाळा

साचलेल्या पाण्यात निष्कास नळीचे तोंड बुडाले तरी चालू एंजिनाचा दाब पाणी बाहेर ढकलतो. मात्र गाडी तेथे बंद पडल्यास ती पुन्हा सुरू करू नये. हवा घेणाऱ्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेले असल्यास ते दाबले जात नाही आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. पाण्यातून बाहेर काढलेल्या गाडीचे संवेदकाचे विद्युतजोड सुकवून तपासतात. उन्हाळ्यात याउलट, लांब प्रवासानंतर गाडी वाळलेल्या गवतावर उभी करणे टाळावे. तापलेल्या परिवर्तकाने गवत पेटून गाडीला आग लागू शकते.

भारतातील कायदेशीर तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ निष्कास वायूंच्या मर्यादांविषयी, तर नियम १२० सायलेन्सरविषयी आहे. नव्या गाडीला नोंदणीनंतर पहिले वर्ष प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र लागत नाही. त्यानंतर भारत स्टेज-४ व ६ च्या गाड्यांसाठी ते एक वर्ष आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी सहा महिने वैध असते. निष्कास नळीला गळती असल्यास तपासणीच्या नळीत बाहेरची हवा मिसळून आकडे दिशाभूल करणारे येतात, त्यामुळे गळती आधी दुरुस्त करूनच चाचणी घेणे योग्य. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनंतर प्रदूषण व ध्वनी मानकांच्या उल्लंघनासाठी पहिल्या गुन्ह्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्हींची तरतूद आहे. मूळ सायलेन्सर काढून कर्कश आवाजाचा बसवणे याच कक्षेत येते. मोटारसायकलींवरून जप्त केलेले असे सायलेन्सर महाराष्ट्रातील पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याच्या घटना घडल्या आहेत.

परिवर्तकातील मौल्यवान धातूंमुळे त्यांची चोरीही होते. महाराष्ट्र व गुजरातमध्ये व्हॅन प्रकारच्या मोटारींचे सायलेन्सर चोरून त्यांतील उत्प्रेरकाची भुकटी विकणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या आहेत. जमिनीपासून अधिक उंची असलेल्या गाड्यांखाली शिरणे सोपे असल्याने त्यांना हा धोका जास्त असतो. परिवर्तकाभोवती पोलादी जाळी बसवणे किंवा जोडाचे बोल्ट वेल्ड करून टाकणे असे उपाय वाहनमालक करतात. दुसऱ्या उपायामुळे पुढील दुरुस्तीच्या वेळी जोड कापूनच काढावा लागतो.